हरकतीची मुदत

मुहर्रक, बहरीन
४ नोव्हेंबर १९८३

प्रिय विठ्ठल यास कमालचा सलाम,

आज जुम्मा, म्हणून सुट्टी. खोलीतले दोघं बाजारात गेलेत, तिसरा घोरतोय. विमानतळाच्या कार्गो शेडमध्ये आठवडाभर इंग्रजी कागद चाळून डोळे दुखतात, म्हणून मराठीत लिहायला बसलो की बरं वाटतं. आणि मराठीत लिहायचं म्हटलं की मुनीरानंतर तूच. चौथीपर्यंत एका पाटीवर दोघांनी लिहिलं, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

एक मोठी बातमी आहे. ऐकून हसू नकोस. मुनीरा ग्रामपंचायतीला उभी राहते म्हणते. आपल्या वरच्या वाडीतून, म्हणजे तिसऱ्या वॉर्डातून, थेट मुख्तारशेठच्या विरोधात. शेठ दोन वेळा तिथून बिनविरोध निवडून आले आणि सरपंच झाले. पाण्याची टाकी झाली, पाइप आले, पण पाइप शेठच्या कलमांच्या बागेपाशी येऊन संपला तो संपलाच. वाडीतल्या बायका अजून खालच्या विहिरीवरून चढ चढून पाणी नेतात. मुनीरा लिहिते, "पुरुष सगळे तुमच्यासारखे आखातात. मग बायकांनीच उभं राहायला नको का?" मी तिला नको म्हणू शकलो नाही. खरं तर मला अभिमानच वाटला.

आता तुझ्याकडे काम. मतदार याद्या नव्यानं होतायत आणि आपल्या गावाचं घरोघरचं काम तुझ्याकडे आहे, असं कळलं. यादी कधी लागते, हरकत कधीपर्यंत घेता येते, सुनावणी कोण घेतं, हे सगळं मला नीट लिहून कळव. माझ्या कागदाला गावी पोचायला बारा-चौदा दिवस लागतात, त्यामुळे मला तारखा आधी कळायला हव्यात. उमेदवाराचं नाव यादीत नसेल तर फॉर्मच रद्द होतो म्हणे. मुनीराचं नाव बघ. माझंही बघ.

तुझा भाऊ शंभू परवाच भेटला. माहूजमधल्या लाँड्रीची गाडी चालवतो, खुशीत आहे. त्याची रंभा आमच्या शेजारीच, त्यामुळे दोन्ही घरांची खबर मला मुनीराकडून एकदम मिळते.

आईंना सलाम.

तुझा,
कमाल


कातळशेत
२२ नोव्हेंबर १९८३

प्रिय कमाल यास विठ्ठलचा स. न. वि. वि.

पत्र पावले. वहिनींचा बेत वाचून मी मुळीच हसलो नाही.

विचारलेस ते क्रमाने लिहितो. प्रारूप यादी १० डिसेंबरला ग्रामपंचायतीत लागेल. दावे आणि हरकती ३१ डिसेंबरपर्यंत. ज्याच्या नावावर हरकत येईल त्याला नोटीस जाते. सुनावणी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, तालुक्याला, नोंदणी अधिकाऱ्यांसमोर. त्यांच्या हुकुमावर पंधरा दिवसांत कलेक्टरकडे अपील. पक्की यादी महिनाअखेर. पंचायतीची निवडणूक त्याच यादीवर.

आता वाईट वाटेल ते आधीच सांगतो. तुझे नाव राहणार नाही. नोकरीसाठी देशाबाहेर राहणारा माणूस गावचा सर्वसाधारण रहिवासी धरता येत नाही, असा नियम आहे. शंभूचेही नाव मीच खोडले. स्वतःच्या भावाचे नाव खोडताना हात थांबला, पण नियम तो नियम.

वहिनींचे नाव जुन्या यादीत आहे. काळजी नसावी. मी त्यांना रस्त्यात भेटून तसे सांगितले आहे.

आई अंथरुणावरच. कूस बदलायलाही माणूस लागतो. शाळा सुटली की मी धावतच घरी येतो.

तुझा,
विठ्ठल


मुहर्रक
९ डिसेंबर १९८३

प्रिय विठ्ठल,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नियम कळला. दहा वर्षं झाली इथं. इथं मी परदेशी, माझं रेसिडेन्स कार्ड दर दोन वर्षांनी नवं होतं आणि त्यावर कंपनीचं नाव माझ्या नावापेक्षा ठळक असतं. तिथं मी आता रहिवासी नाही. मग विठ्ठल, मी नक्की राहतो कुठं? हे तुला विचारत नाही. तुझ्या साहेबांना विचारलं असतं, पण त्यांच्या फॉर्ममध्ये या प्रश्नाचा रकाना नसणार.

ते असो. माझं गेलं तर गेलं. मुनीराचं राहिलं की झालं. पण तू "जुन्या यादीत आहे" एवढंच लिहिलंस. माझी विनंती, प्रारूप यादी लागली की स्वतः जाऊन तिसऱ्या वॉर्डाची पानं बघ. यादी शेठच्या केबिनमध्ये लागते, तिथं बायका पाऊल टाकत नाहीत. हरकत आली तर त्याच दिवशी तिला सांग. मला लिहीत बसू नकोस, तिला सांग.

आम्ही दोघं तुझ्यावर विसंबून आहोत.

कमाल


कातळशेत
१२ जानेवारी १९८४

प्रिय कमाल यास,

लिहायला उशीर झाला. आईला ताप होता.

कळवायला वाईट वाटते. तिसऱ्या वॉर्डात तेवीस नावांवर हरकती आल्या. त्यात मुनीरावहिनींचेही नाव होते. नोटिसा पंचायतीच्या शिपायाने नेल्या होत्या. वहिनी घरी सापडल्या नाहीत म्हणून नोटीस कचेरीच्या दारावर डकवली, असा शेरा आहे. सुनावणी ९ तारखेला झाली. कुणीच हजर नव्हते. १० तारखेला नावे कमी करण्याचा हुकूम झाला.

मला हे उशिरा कळले. कलेक्टरकडे अपील करता येते. मुदत २५ जानेवारी. वहिनींना मी सांगणारच आहे, पण आजारपणामुळे वरच्या वाडीत जाणे झालेले नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
विठ्ठल


मुहर्रक
५ फेब्रुवारी १९८४

विठ्ठल,

तुझं १२ तारखेचं पत्र काल मिळालं. अपिलाची मुदत संपून दहा दिवस झाले होते.

माझं काम काय, तुला ठाऊक आहे. पेट्यांवरच्या आणि कागदांवरच्या तारखा ताडून बघणं. माल कधी निघाला, कुठं अडकला, कुणी अडकवला. तेवढ्यासाठीच मला पगार मिळतो. म्हणून पाकिटावरचा शिक्का बघितला. आपल्या गावच्या पोस्टाचा. २४ जानेवारी. पत्र बाराला लिहिलंस आणि चोवीसला टाकलंस. बारा दिवस ते कुठं होतं?

मुनीराला तू सांगितलं नाहीस. तिला कळलं ते तालुक्याला फॉर्म आणायला गेली तेव्हा, २८ जानेवारीला. गावाहून परतलेल्या एकाच्या हातून तिचं पत्र आलं, त्यात आहे. नोटीस द्यायला शिपाई आला त्या सकाळी ती विहिरीवर होती म्हणे. ती रोज सकाळी विहिरीवरच असते. गावातल्या कुठल्या शिपायाला हे माहीत नाही?

आणखी एक. काल संध्याकाळी शंभूकडे गेलो होतो. त्याला त्याच माणसाच्या हातून रंभाचं पत्र आलंय. त्यानं भोळेपणानं वाचून दाखवलं. "वाडीतल्या आखातवाल्यांच्या सगळ्या बायकांची नावं उडाली, माझं तेवढं राहिलं, देवाची कृपा." तो बिचारा मला म्हणाला, "कमालभाई, दादाला लिहा, तो वहिनींचं काम करील."

रंभाचा नवरा बहरीनमध्ये. मुनीराचा नवरा बहरीनमध्ये. भिंतीला भिंत. मग एकीवर हरकत आणि दुसरीवर कृपा, हे कसं?

मुनीरा फॉर्म भरणारच आहे. मला उत्तर पाठव. आणि या खेपेस लिहिलेल्या दिवशीच टाक.

कमाल


कातळशेत
२४ फेब्रुवारी १९८४

सलाम.

हे पत्र शब्बीरभाईंच्या हातून पाठवते, ते परवा बहरीनला परत निघालेत. पोस्टावर माझा भरवसा उरला नाही.

काल छाननी झाली. मी आणि रंभा सकाळच्या गाडीनं तालुक्याला गेलो. मुख्तारशेठ आधीच येऊन बसले होते. साहेबांनी माझा फॉर्म हातात घेतला, यादी उलटली आणि म्हणाले, "बाई, तुमचं नाव नाही यात."

मी म्हटलं, "साहेब, मी आहे ना. तुमच्या समोर उभी आहे."

"तुम्ही असून काय उपयोग? नाव पाहिजे."

"नाव का काढलं ते तरी सांगा."

"ते नोंदणीचं खातं. ती वेळ गेली आता."

शेठ हसत म्हणाले, "मुनीरा, तुझ्या घरात बहरीनचे दिनार येतात, तुला गावच्या पाण्याचं कशाला पडलंय?" माझ्याआधी रंभा बोलली. ती म्हणाली, "शेठ, माझ्या घरातही तिथूनच येतात. माझं नाव कसं ठेवलंत?" तेव्हा शेठनी साहेबांकडे बघितलं आणि साहेबांनी घड्याळाकडे.

फॉर्म रद्द झाला. शेठ पुन्हा बिनविरोध.

मी तिथून उठले नाही. नोंदणीच्या खात्यात गेले आणि माझ्या नावावरच्या चौकशीची नक्कल मागितली. आधी नाही म्हणाले. मी दुपारपर्यंत बाकावर बसून राहिले. शेवटी कारकून कंटाळला आणि त्यानं नक्कल दिली. ती सोबत आहे. त्यात लिहिलंय, "प्रत्यक्ष घरी जाऊन खात्री केली. घराला कुलूप. कुटुंब कायमचे परदेशी." खाली सही विठ्ठलगुरुजींची. मी सही ओळखते, आपल्या सायराच्या प्रगतिपुस्तकावर तीच असते.

रंभानंही सही बघितली. घरी आल्यावर म्हणाली, "वहिनी, माझं नाव तुमच्या नावावर पाय देऊन राहिलंय." मी तिला म्हटलं, तुझा काय दोष. पण मला रडू आलं ते तिच्याच समोर.

तुम्ही रागानं काही लिहू नका. विचार करून लिहा.

मुनीरा


मुहर्रक
२ मार्च १९८४

विठ्ठल,

नक्कल माझ्यासमोर आहे. "प्रत्यक्ष घरी जाऊन खात्री केली." तुझं अक्षर नाही, पण सही तुझी.

मी तुझ्याकडे खुलासा मागत नाही. एक गोष्ट मागतो. कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहून दे. "मी त्या घरी गेलो नव्हतो. मुनीरा तिच्या घरी राहते." तेवढा कागद घेऊन मुनीरा कलेक्टरकडे जाईल. मुदत टळली तरी खोट्या चौकशीवर ते विचार करतील, असं इथल्या एका जाणत्या माणसानं सांगितलंय. बावीस बायका आणखी आहेत. त्यांचंही त्यात होईल.

दोन ओळी. बाकी आपल्यातलं आपण नंतर बघू.

कमाल


कातळशेत
२३ मार्च १९८४

कमाल,

हे पत्र आजच टाकतो आहे.

तुला खरे लिहितो. डिसेंबरात मुख्तारशेठ माझ्याकडे आले होते. हरकतींचे कागद आणि चौकशीचे कागद, दोन्ही पंचायतीच्या कारकुनाने भरून आणले होते. माझी फक्त सही हवी होती. शेठ म्हणाले, "गुरुजी, तुमच्या बदलीचा कागद जिल्हा परिषदेत आहे. खाडीपलीकडच्या शाळेवर. आईला उचलून न्याल की इथे टाकून जाल?" एवढेच बोलले. आवाजसुद्धा चढवला नाही. पलीकडच्या खोलीत आई हाका मारत होती.

मी कागद चाळले. चोवीस होते. रंभाचाही होता. मी म्हटले, हा एक काढा. शेठनी लगेच काढला, फाडून चुलीत टाकला. कमाल, एक नाव वाचवण्याइतके माझे वजन होते, हे मला त्या क्षणी कळले. कदाचित दोनही वाचली असती. मी दुसरे मागितले नाही. शेठना वहिनींचेच नाव हवे होते, बाकीची बावीस त्यांच्या सोबतीला होती. हे मला ठाऊक होते.

पत्राचे म्हणशील तर ते बाराला लिहिले आणि शर्टाच्या खिशात ठेवले. रोज पोस्टावरून गेलो. मुदत संपत आली तेव्हा टाकले. मला वाटले, तुला कळायला तर हवे, पण कळून काही व्हायला नको. असा विचार माणूस करतो, हे मला माझ्यावरूनच कळले.

तू मागितलेल्या दोन ओळी मी देऊ शकत नाही. खोटी चौकशी केली असे मीच लिहून दिले तर नोकरी जाईल, खटलाही होईल. आई आहे, मुले आहेत. मी दोन रात्री कागद पुढे घेऊन बसलो. पहिली ओळ लिहिली होती. फाडली.

रंभा आमच्याकडे येत नाही. आईने विचारले तर मी सांगितले, तिला शेतात काम आहे.

मला क्षमा कर असे लिहायचे होते. लिहिण्याचा अधिकार नाही.

विठ्ठल


कातळशेत
३० सप्टेंबर १९८६

प्रिय कमाल यास स. न. वि. वि.

माझ्या आधीच्या चार पत्रांना तुझे उत्तर नाही. तू सुट्टीवर येऊन गेलास तेही मला इतरांकडूनच कळले. तरी लिहितो.

आई गेल्या श्रावणात गेली. शंभूने कळवले असेलच. तिच्यामागे बदलीची भीतीही गेली, आता सरकारने कुठेही टाकावे.

याद्यांचे काम पुन्हा निघाले आहे आणि वरची वाडी पुन्हा माझ्याकडे आहे. या वेळी मी घरोघर गेलो. एकही घर सोडले नाही. कागद कुणाच्या हातून भरून घेतले नाहीत. वहिनींच्या दाराला मात्र खरोखर कुलूप दिसले. शेजारी रंभाला विचारले, तिने दार लावून घेतले. लोक म्हणतात, तू वहिनींना आणि सायराला तिकडे नेलेस. तसे असेल तर यादीत काय लिहू, ते कळव. तुझ्याकडून कळल्याशिवाय मी तिथे काही लिहिणार नाही. वहिनींचे नाव माझ्या हातून पुन्हा जाऊ नये एवढीच इच्छा.

तुझा,
विठ्ठल


मुहर्रक
१७ ऑक्टोबर १९८६

विठ्ठल,

आई गेल्याचं शंभूनं सांगितलं होतं. त्यांनी मला लहानपणी तुझ्या शेजारी बसवून जेवू घातलंय. त्यांच्यासाठी मी दुवा मागितली. तुला लिहिलं नाही.

हे पत्र लिहितो ते यादीपुरतं. तू विचारलंस म्हणून पूर्ण सांगतो.

मुनीरानं ८४च्या पावसानंतर स्वतःचा अर्ज स्वतः भरला. तालुक्याला पाच खेपा घातल्या. बावीस बायकांचेही अर्ज तिनंच भरून घेतले. कुणाला सही येत होती, कुणाचा अंगठा. ८५च्या जानेवारीत सगळ्यांची नावं लागली. मार्चमध्ये तिनं विधानसभेला मत दिलं आणि मला तसं एक ओळीचं कार्ड पाठवलं. पण पंचायत तोवर बसली होती, शेठची, पाच वर्षांसाठी. पाइप आहे तिथंच आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात विहिरीच्या चढावर ती पडली. डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक. मनगट मोडलं. तालुक्याला नेईपर्यंत सूज चढली आणि हाड वाकडं जुळलं. त्या हातानं आता तिला कणीक मळता येत नाही. मी सुट्टीवर आलो तेव्हा म्हणाली, "पुढच्या निवडणुकीला अजून चार वर्षं. मी तोवर पाणी वाहू शकणार नाही. मला घेऊन चला." जी बाई मी दहा वर्षं सांगूनही गाव सोडत नव्हती, ती असं म्हणाली. मी इथं साहेबाच्या मागे लागून फॅमिली व्हिसा मिळवला. जूनमध्ये दोघी आल्या.

तेव्हा आता लिही. घराला कुलूप. कुटुंब परदेशी. या वेळी ते खरं आहे आणि ते तूच लिहायला हवंस, दुसऱ्या कुणी नाही. माझ्या परवानगीची वाट बघून मन हलकं करू नकोस.

मी तुझ्यावर रागावलो आहे की नाही, हे तू चारही पत्रांत विचारलंस. शेठनी केलं ते शेठ करणारच होते, त्यांचा मला राग आहे आणि तो सोपा आहे. तुझं तसं नाही. भीतीनं सही केलीस ते मी एखाद्या दिवशी समजून घेतलंही असतं, माझीही आई होती. पण त्याआधी तू मुनीराला वाटेत थांबवून सांगितलंस, काळजी नसावी, आणि सहीनंतरही ते शब्द मागे घेतले नाहीस. तिनं काळजी केली नाही. म्हणून ती यादी बघायला गेली नाही. हे मला समजून घेता येत नाही. प्रयत्न केला.

आम्ही विमानतळाजवळच्या जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. सायरा शाळेत जाते. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते. नळाला पाणी आहे. मुनीरा पहिले काही दिवस नळ उघडून नुसती बघत उभी राहायची, मग बंद करायची.

काल तिनं विचारलं, "इथं निवडणूक कधी असते?" मी सांगितलं, मी आलो तेव्हा इथल्या लोकांनी निवडलेली एक सभा होती, ती दोनेक वर्षांत बंद झाली. तेव्हापासून नाही. आणि असती तरी आपल्याला काय, आपण परके.

"म्हणजे याद्याही नाहीत?"

"नाहीत."

ती वाकड्या मनगटानं सायराचे केस विंचरत होती. तिनं एक गुंता सोडवला. मग म्हणाली, "बरं आहे. म्हणजे इथं कुणी आपलं नाव खोडणार नाही."

कमाल